वायूला काठ कसा?

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते, की नुसत्या डोळ्यांना ते दोन आहेत हे कळायला क्षणभर वेळ लागत असे. बडोद्याला दांडिया बाजारच्या मागे आमचे जुने घर आहे. त्याच्या अगाशीवर (गच्चीला आमच्या घरात अजूनही अगाशीच म्हणतात) मी सहा इंची आरशाची दुर्बीण नैर्ऋत्येकडे रोखून ठेवली होती. करोनाचे दिवस असल्यामुळे शेजारची मुले आली नव्हती. वर होतो ते मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. दुर्बिणीच्या एकाच वर्तुळात तिला गुरू, त्याचे ओळीने मांडलेले चंद्र आणि थोड्या अंतरावर कड्यासकट शनी, असे सगळे एकदम दिसत होते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग डोळा भिंगाला तसाच लावून ठेवून तिने विचारले, "हा गुरू म्हणजे नुसता वायू, असं तू म्हणतोस ना? मग त्याला काठ कसा? धुराला काठ नसतो, वाफेला नसतो. हा तर कर्कटकाने आखल्यासारखा दिसतोय."

आक्काने आयुष्यभर घरी साड्यांना फॉल लावण्याचे आणि पिको करण्याचे काम केले आहे. काठ हा शब्द तिच्या तोंडी सहज येतो आणि काठ कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे तिच्या नजरेतून सुटत नाही. मी तिच्यापेक्षा जास्त शिकलेला. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, केमिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडलो, आधी शहराबाहेरच्या एका खतकारखान्यात अमोनिया प्लांटवर आणि पुढे एका रिफायनरीत, मिळून चौतीस वर्षे हायड्रोजनच्या संगतीत काढली. गुरू ज्याचा बनलेला आहे तो पदार्थ मी रोज हाताळत होतो. तरीही तिच्या प्रश्नाला एका वाक्यात द्यावे असे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि ते शोधताना माझ्या लक्षात आले की गुरू कशाचा बनला आहे या प्रश्नाकडे जाण्याची सर्वांत चांगली वाट आक्काच्याच प्रश्नातून जाते.

त्या रात्री मी तिला जे सांगितले ते एवढेच होते. गुरूवर ढगांच्या वर जाऊ लागले की हवा दर पंचवीसेक किलोमीटरला विरळ होत होत सुमारे एक तृतीयांशावर येते. पृथ्वीवर हेच अंतर आठ किलोमीटरच्या आसपास आहे. पण गुरूची विषुववृत्तावरची त्रिज्या ७१,४९२ किलोमीटर आहे. एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ अंगणात काढले, तर विरळ होत जाणारी ती पट्टी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद, म्हणजे आक्काच्या शिवणाच्या दोऱ्याएवढी भरेल. त्या संध्याकाळी गुरू आमच्यापासून जवळपास ८८ कोटी किलोमीटरवर होता आणि तेवढ्या अंतरावरून माझ्या दुर्बिणीला हजारो किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळे ओळखता येत नाही. काठ दिसतो तो अंतरामुळे. जवळ गेले तर तो सापडणार नाही.

"मग आत तरी आहे का?" असे विचारून ती जिना उतरून गेली.

मराठीत आपण गुरू आणि शनी यांना वायुमहाग्रह म्हणतो, आणि या शब्दातला वायू वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फुगा उभा करतो. मला हा शब्द कधीच पटलेला नाही. फुग्याला वजन नसते; गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, शनीचे ९५ पट. हे वजन करायला कोणी तिथे जावे लागले नाही. १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले, तेव्हाच तराजू हाती आला होता. चंद्र किती अंतरावरून किती वेळात फिरतो यावरून न्यूटनने गुरूची घनता पृथ्वीच्या साधारण एक चतुर्थांश असल्याचे काढले. आजचे आकडे पृथ्वीसाठी ५.५, गुरूसाठी १.३३ आणि शनीसाठी ०.६९ असे आहेत. पाण्याची घनता १ धरली आहे.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला फार सुंदर वाटते. दगडाची घनता कमी करायची म्हटले तरी करता येत नाही, आणि ३१८ पृथ्वींएवढा पदार्थ एका ठिकाणी आला की तो स्वतःच्याच भाराने प्रचंड दाबला जातो. गुरू दगडाचा किंवा बर्फाचा असता तर त्याची घनता १.३३ च्या कितीतरी वर गेली असती. एवढा भार सोसूनही इतकेच दाट राहू शकेल असा पदार्थ निसर्गात मुख्यतः एकच आहे, हायड्रोजन. त्याच्या जोडीला हेलियम. म्हणजे गुरूवर हायड्रोजन दिसण्याआधी त्याच्या वजनानेच हायड्रोजनकडे बोट दाखवले होते. शनीबद्दल मात्र एक वाक्य सगळीकडे वाचायला मिळते, की पुरेसे मोठे घंगाळ असेल तर शनी पाण्यावर तरंगेल. हे वाक्य मुलांना सांगू नये असे माझे मत आहे. ०.६९ ही सरासरी आहे. शनीचा आतला भाग पाण्यापेक्षा पुष्कळ दाट आहे, आणि त्या दाटपणाची गोष्ट तरंगण्याच्या चित्रात बुडून जाते.

वजनाने बोट दाखवले तरी प्रकाशात आधी दिसले ते दुसरेच काही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रूपर्ट विल्ट यांनी गुरूच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फोडला की मिळणाऱ्या पट्ट्यातल्या) काळ्या पट्ट्या ओळखल्या आणि त्या अमोनिया आणि मिथेन यांच्या निघाल्या. हायड्रोजनचा रेणू प्रकाशाच्या बाबतीत फार अबोल असतो. त्यामुळे जो सर्वांत जास्त आहे तो दिसत नाही आणि जे चिमूटभर आहेत ते ठळक दिसतात. अमोनियाचे नाव मी पहिल्यांदा गुरूच्या संदर्भात वाचले, तेव्हा नाकात तो दर्प आल्यासारखे वाटले होते. आमच्या प्लांटवर गळती झाली की पहिला नियम असा होता, की खांद्यावरचा पंचा पाण्यात बुडवून नाकातोंडाला धरायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचे. अमोनियाला पाण्याची इतकी ओढ असते, की ओला पंचा त्यातला बराच वायू स्वतःकडे ठेवून घेतो.

हीच ओढ गुरूवर काम करताना दिसते. ढगांचा सर्वांत वरचा थर अमोनियाच्या स्फटिकांचा आहे. त्याखाली अमोनियम हायड्रोसल्फाइडचा थर असावा, आणि त्याखाली पाण्याचे ढग. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाने सूक्ष्मलहरींनी ढगांखाली पाहिले, तेव्हा पाण्याच्या ढगांच्याही पुष्कळ खालपर्यंत, विषुववृत्ताजवळचा पट्टा सोडला तर, अमोनिया अपेक्षेपेक्षा कमी आढळला. त्याचे एक स्पष्टीकरण २०२० मध्ये मांडले गेले: वादळांत वर फेकल्या गेलेल्या पाण्याच्या बर्फकणांत अमोनिया विरघळतो, त्या मिश्रणाचे ओलसर गोळे बनतात आणि गारांसारखे खोल पडताना अमोनियाला बरोबर घेऊन जातात. हे वाचताना मला तो ओला पंचा आठवला. पाण्याने अमोनिया धरून ठेवणे ही एकच क्रिया, एका टोकाला माणसाच्या श्वासासाठी आणि दुसऱ्या टोकाला शेकडो किलोमीटर खोलीच्या आकाशात.

मधल्या थरातल्या अमोनियम हायड्रोसल्फाइडशीही माझी ओळख आहे, आणि ती सुखाची नाही. रिफायनरीत डिझेलमधले गंधक हायड्रोजनने काढतात. त्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया गरम असतात तोवर वायुरूपात निमूट वाहतात, पण कूलरमध्ये थंड झाले की एकत्र येऊन पांढरट मीठ धरतात आणि नळ्या चोंदवतात. त्यासाठी कूलरच्या आधी सतत पाणी सोडावे लागते. एका पावसाळ्यात ते पाणी पाहिजे तेवढे गेले नाही आणि एक कूलर उघडावा लागला. पांढऱ्या, ओलसर, कुजक्या अंड्याच्या वासाच्या त्या चुऱ्याकडे मी मास्कच्या काचेतून पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. गुरूचा दुसरा ढग याच मिठाचा मानला जातो आणि तो तयार होण्याचे कारणही हेच, की खालून वर येणारे दोन वायू एका ठरावीक थंडीला पोहोचले की एकमेकांना धरतात.

गुरूच्या आत छत्रीने उतरत तिथली मोजमापे कळवणारी माणसाची वस्तू एकच. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाची कुपी सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरली, हवाई छत्रीने लोंबकळत सुमारे ५८ मिनिटे बोलत राहिली आणि २२ बार दाबाच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेइतका दाब) आसपास, दीडशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेत, कायमची गप्प झाली. तोवर ती सुमारे दीडशे किलोमीटर उतरली होती, म्हणजे केंद्रापर्यंतच्या वाटेचा पाव टक्कासुद्धा नाही. आमच्या अमोनिया प्लांटवर दाब बारमध्ये कोणी मोजत नसे. ऑपरेटर "लूप दीडशे किलोवर आहे" असे म्हणत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो. ज्या दाबावर कुपी मुकी झाली, त्याच्या जवळपास सातपट दाबावर आमच्याकडचा हायड्रोजन रात्रंदिवस फिरत असे, आणि शिफ्ट बदलताना आम्ही त्या पाइपांखालून डबा हातात घेऊन जात होतो.

कुपीने पाणी फारच कमी असल्याचे सांगितले आणि त्याने बरेच गोंधळ झाले. पुढे लक्षात आले की ती ढग नसलेल्या, कोरड्या, खाली उतरणाऱ्या हवेच्या पट्ट्यात पडली होती. कोणी कच्छच्या रणात उतरून गुजरातेत पाऊस पडत नाही असे कळवावे, तसे ते झाले. विषुववृत्तावर हवेच्या रेणूंत पाण्याचे प्रमाण सुमारे पाव टक्का असल्याचे जुनोने २०२० मध्ये दाखवले, आणि सूर्याच्या घटकांशी तुलना केली तर ते प्रमाण साधारण तिप्पट आहे.

पण कुपीची खरी कमाई हेलियमच्या मोजमापात होती. हेलियमचा शोध आपल्या भूमीशी जोडलेला आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्ग किल्ल्यावर या ग्रहणाच्या निरीक्षणाचे म्हणून जे ओटे दाखवतात त्यांच्याशी नॉर्मन लॉकियर यांचे नाव जोडले जाते. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाचे महत्त्व यामुळे कमी होते असे मला वाटत नाही, पण नोंद बरोबर असावी. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडले, तेव्हा विल्यम रॅम्से यांना तो युरेनियमच्या खनिजात सापडला.

सूर्य जन्मला तेव्हा त्याच्या वस्तुमानात हेलियमचा वाटा सुमारे २७ टक्के होता. गुरू त्याच ढगातून जन्मला, तेव्हा त्याच्यातही तेवढाच असायला हवा. कुपीला तो सुमारे २४ टक्के मिळाला. निऑन तर सूर्याच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचे निष्क्रिय वायू, म्हणजे आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, मात्र उलट सूर्यापेक्षा दुपटीहून जास्त. हेलियम आणि निऑन गेले कुठे? याचे उत्तर डेव्हिड स्टीव्हन्सन आणि एडविन साल्पीटर यांनी १९७७ मध्येच देऊन ठेवले होते. लाखो बार दाबाखाली हायड्रोजनचे रूप बदलते आणि मग त्यात हेलियम मिसळून राहत नाही. फोडणीच्या तेलात पडलेल्या पाण्यासारखा तो वेगळा होऊन थेंब धरतो आणि ते थेंब खाली पडतात. निऑनला त्या थेंबांत विरघळायला आवडते, म्हणून तोही बरोबर जातो. वरच्या थरातले हेलियम कमी झाले आहे ते असे पावसाने. थेंब खाली पडताना उष्णता सोडतात, आणि शनी आज त्याच्या वयाच्या मानाने जास्त उबदार का आहे हे याच पावसाने बऱ्याच अंशी समजते. हायड्रोजन आणि हेलियम असे वेगळे होतात याचा पुरावा २०२१ मध्ये हिऱ्यांच्या चिमटीत आणि लेसरच्या आघाताखाली केलेल्या प्रयोगांतून मिळाला.

आता आक्काच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, आत तरी काठ आहे का याकडे, येतो. पुष्कळ ठिकाणी असे लिहिलेले असते, की गुरूच्या वातावरणाखाली द्रव हायड्रोजनचा महासागर आहे. महासागर म्हटला की पृष्ठभाग आला, लाट आली, वर हवा आणि खाली पाणी आले. तसे तिथे काही नाही, आणि याचे कारण केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. प्रत्येक पदार्थाचा एक क्रांतिक बिंदू असतो. त्या बिंदूच्या तापमानाच्या वर पदार्थ कितीही दाबला तरी वायू आणि द्रव असे दोन थर पडत नाहीत, तो नुसता दाट होत जातो. हायड्रोजनसाठी हे तापमान उणे २४० अंश सेल्सिअस आहे. गुरूवर जिथे दाब आपल्या हवेइतका आहे तिथेच उणे १०८ अंश आहेत आणि खाली सारखे गरम होत जाते. म्हणजे गुरूचा हायड्रोजन त्या बिंदूच्या खाली कधी येतच नाही. वरच्या हवेतून निघालेला प्रवासी कधीतरी द्रवात असेल, पण तो केव्हा शिरला हे त्याला सांगता येणार नाही.

हे मी आक्काला समजावत होतो तेव्हा ती स्वयंपाकघरात पाकातल्या लाडवांसाठी साखर उकळत होती. तिने पळी उचलून पाक बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, "पाकासारखंच की. पाणी असतं, मग एकतारी होतो, दोनतारी होतो, गोळीबंद होतो. कुठल्या क्षणी झाला ते कोण सांगणार? बघत बसावं लागतं." मी वर्गात आणि प्लांटवर हा विषय जितक्यांना समजावला, त्यांपैकी कोणाला हे उदाहरण सुचले नव्हते, मलाही नाही.

गोळीबंद पाकाच्या जागी गुरूत धातू आहे. आवर्तसारणीत हायड्रोजन सोडियम आणि पोटॅशियमच्या रांगेत सर्वांत वर बसवलेला असतो आणि धातूंच्या रांगेत हा वायू काय करतो, हा प्रश्न आमच्या वर्गात एकाने विचारला होता. युजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये असे गणित मांडले की पुरेसा दाब दिला तर हायड्रोजनही धातू होईल, म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन आपापले अणू सोडून मोकळे फिरू लागतील. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत द्रव हायड्रोजनच्या पातळ थरावर प्रचंड वेगाची चकती आदळवून सुमारे १४ लाख बार दाब निर्माण केला गेला आणि सेकंदाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी काळ तो थर धातूसारखी वीज वाहू लागला. गुरूत हीच अवस्था ढगांखाली दहा हजार किलोमीटरच्या आसपास हळूहळू येऊ लागते आणि तिथून पुढे खूप खोलवर टिकून राहते. ग्रहाचा बहुतांश भाग असा आहे: उकळता, वाहता, वीज वाहून नेणारा धातू, ज्याला आपण वायू म्हणतो. दहा तासांपेक्षाही कमी वेळात एक फेरी पुरी करणाऱ्या ग्रहात हा धातू घुसळला जातो, आणि त्यातून पृथ्वीच्या वीस हजार पट ताकदीचे चुंबकत्व उभे राहते. १९५५ मध्ये बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांच्या रेडिओ अँटेनांत गुरूकडून आलेली खरखर पकडली गेली, ती या चुंबकत्वाची पहिली खूण होती.

मी ज्या हायड्रोजनला ओळखत होतो तो याच्या अगदी उलट स्वभावाचा. हलका, निसटणारा, कुठल्याही गॅस्केटमधून वाट काढणारा. भर दुपारी एका फ्लँजमधून, म्हणजे पाइपांच्या जोडातून, तो सुटून पेटला होता, तेव्हा शिट्टीसारखा आवाज येत होता पण उन्हात ज्वाळा कोणालाच दिसत नव्हती. आमच्या शिफ्टच्या जुन्या फोरमननी लांब बांबूला केरसुणी बांधली आणि ती समोर धरून एकेक पाऊल पुढे टाकत गेले. केरसुणीची टोके भुरुभुरु पेटली तेव्हा आम्हांला ज्वाळेची जागा कळली. ज्याचा जाळसुद्धा दिसत नाही असा तो पदार्थ दुसरीकडे आरशासारखा चकाकणारा धातू होऊ शकतो, हे मला गणिताने पटले होते, पण मनाला पटायला बरीच वर्षे लागली.

आणि गाभा? माझ्या विद्यार्थिदशेत पुस्तकांत गुरूच्या मधोमध एक नीट वर्तुळ काढलेले असे: दगड आणि बर्फाचा घट्ट गोळा, त्याभोवती हायड्रोजनची वेष्टने, आंब्याच्या कोयीसारखे. जुनो गुरूच्या जवळून जाताना तिच्या वेगात जो अतिसूक्ष्म फरक पडतो त्यावरून ग्रहाच्या आतली घनता कशी वाटली गेली आहे हे काढता येते. त्या मोजमापांनी कोय पुसून टाकली. २०१७ पासूनचा निष्कर्ष असा, की जड पदार्थ मध्यभागी जास्त आहेत हे खरे, पण ते हायड्रोजनमध्ये विरघळून ग्रहाच्या त्रिज्येच्या निम्म्याच्या आसपासपर्यंत पसरलेले आहेत.

शनीच्या बाबतीत हेच काम त्याच्या कड्यांनी केले, आणि या सगळ्या विषयातली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे. शनी घंटेसारखा आतून मंद थरथरतो. त्या थरथरीने त्याचे गुरुत्व किंचित हलते आणि आतल्या कड्यांतल्या बर्फाच्या कणांत तरंग उठतात. कॅसिनी यानाने, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये शनीतच उतरून संपण्याआधी, ते तरंग टिपले होते. त्यांवरून २०२१ मध्ये असे मांडले गेले की शनीचा गाभा त्रिज्येच्या साठ टक्क्यांपर्यंत पसरलेला आणि धूसर आहे आणि त्यात सुमारे सतरा पृथ्वींएवढे दगड आणि बर्फ हायड्रोजन-हेलियममध्ये मिसळलेले आहेत. भूकंपमापक कड्यांच्या रूपाने आकाशात टांगलेला होता. वाचायची तेवढी देर होती.

युरेनस आणि नेपच्यून यांना याच पंक्तीला बसवतात, पण त्यांची रास वेगळी. त्यांच्यात हायड्रोजन आणि हेलियम वस्तुमानाच्या फक्त दहा-वीस टक्के आहेत. बाकी पाणी, अमोनिया, मिथेन आणि दगड. युरेनसच्या ढगांत २०१८ मध्ये हायड्रोजन सल्फाइड सापडला, म्हणजे तिथे तो कूलर उघडल्याचा वास येईल. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

काठाचे एक शेवटचे राहिले. ज्या काठाबद्दल आक्काने विचारले, त्याच काठाने गुरू कशाचा आहे हे एकदा सांगितले होते. नोव्हेंबर १९५२ मध्ये गुरू मेष राशीतल्या एका ताऱ्यासमोरून गेला. तारा हा बिंदू आहे. दगडाच्या गोळ्याआड तो गेला असता तर दिवा मालवावा तसा क्षणात गेला असता. विल्यम बॉम आणि आर्थर कोड यांनी त्याचा प्रकाश मोजत ठेवला, आणि तो हळूहळू मंद होत गेला. वायू जड असेल तर तो ग्रहाला बिलगून राहतो आणि तारा लवकर विझतो. हलका असेल तर दूरवर पसरतो आणि तारा रेंगाळतो. त्या रेंगाळण्यावरून त्यांनी वायूचा सरासरी रेणुभार ३.३ च्या आसपास काढला. हायड्रोजनचा २, हेलियमचा ४. आज तो सुमारे २.३ मानला जातो, पण उत्तराची दिशा त्याच रात्री ठरली. वर्णपटात जो हायड्रोजन बोलत नव्हता तो काठावर बोलला.

हे सांगितल्यापासून आक्काला तो काठ बघायचा होता. ताऱ्याचा योग काही आपल्या हातात नसतो, म्हणून गेल्या हिवाळ्यात, गुरू सूर्याच्या समोर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, आयो हा चंद्र गुरूच्या आड जाणार होता ती रात्र मी निवडली. तिला शाल देऊन स्टुलावर बसवले. आयो काठाला टेकला आणि मंद होऊ लागला. ती तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होती, आणि तो पुरता दिसेनासा व्हायला साडेतीन मिनिटांच्या आसपास लागली.

"रेंगाळला," ती म्हणाली.

मी तिला सांगितले की आयो तारा नाही, त्याला स्वतःची रुंदी आहे, साधारण ३,६४० किलोमीटर, आणि सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने ती रुंदी काठाआड सरकायलाच एवढा वेळ लागतो. गुरूच्या वायूने लावलेला उशीर त्यात असला तरी आपल्याला कळणार नाही.

तिने थोडा विचार केला आणि भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "म्हणजे आत्ता पाहिला तो त्या चंद्राचा काठ होता. याचा नव्हे."

"हो," मी म्हणालो, आणि दुर्बीण थोडी पश्चिमेला सरकवली, कारण गुरू वर्तुळातून बाहेर चालला होता.